होल्ड, ट्रान्सफर, पार्क : ऑफिसच्या बोर्डवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

लातूरच्या आडतीत लागा, जालन्याच्या बियाणे कंपनीत लागा, नाहीतर वाळूजच्या कारखान्यात रिसेप्शनवर. पहिल्या दिवशी तुमच्यासमोर फोन ठेवून कुणीतरी घाईघाईत सांगून जातं, "आलेला फोन घ्यायचा अन् ज्याचा त्याला द्यायचा. त्यात काय एवढं!" बटणांपुरतं हे खरं आहे, ती अर्ध्या तासात येतात. वेळ लागतो तो दुसऱ्याच गोष्टीला. हा फोन आत्ता कुणाच्या ताब्यात आहे, हे दर क्षणी तुम्हाला सांगता आलं पाहिजे. होल्डवर असेल तर तो तुमच्या ताब्यात. ट्रान्सफर होऊन पलीकडच्यानं घेतला तर त्याच्या. पार्क केलेला असेल तर तूर्त कुणाच्याच नाही. फोन 'हरवतात' ते या देवाणघेवाणीत, आणि हरवलेल्या फोनच्या टोकाला माणूस असतो.

आधी डबा ओळखा

बाहेरून येणाऱ्या दोन-चार लाइन ऑफिसातल्या वीस-पंचवीस फोनना पुरवणारा जो डबा भिंतीवर असतो, तो ईपीएबीएक्स. आपल्याकडे त्याला कुणी बोर्ड म्हणतं, कुणी सरसकट इंटरकॉम. बाहेरची लाइन म्हणजे ट्रंक, आतला फोन म्हणजे एक्स्टेन्शन.

तुमचा फोन कोणत्या जातीचा आहे ते त्याच्या मागच्या वायरीवरून कळतं. घरच्या जुन्या फोनसारखी बारीक पिन असेल तर तो साधा अ‍ॅनालॉग फोन. त्यावर होल्डचं काम बहुधा 'फ्लॅश' बटण करतं. कॉम्प्युटरच्या नेटवर्कची जाड पिन असेल आणि फोनला स्क्रीन असेल तर तो आयपी फोन. त्याच्या स्क्रीनखाली 'होल्ड', 'ट्रान्सफर' असे पर्याय बोलणं चालू असतानाच दिसतात. तिसरा प्रकार कीफोनचा. दिव्यांच्या बटणांच्या दोन ओळी असलेला हा मोठा फोन बहुधा रिसेप्शनवरच असतो.

एवढं कळलं की बोर्ड बसवणाऱ्या माणसाला गाठा, किंवा त्याचं कार्ड शोधा. त्याच्याकडून या गोष्टी लिहून घ्या : बाहेरची लाइन कोणत्या आकड्यावर मिळते, ट्रान्सफर कसा करायचा, दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्या जागेवरून कसा उचलायचा, पार्क आहे का, फॉरवर्ड, म्हणजे आपला फोन दुसऱ्या नंबरवर वळवणं, लावायचा आणि काढायचा कोड काय. एका कंपनीच्या बोर्डचा कोड दुसऱ्यावर चालत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन बोर्डांवरही बसवणाऱ्यानं तो बदललेला असू शकतो. त्यामुळे आधीच्या नोकरीतला कोड इथे दाबून बघू नका. एक्स्टेन्शनची यादीही स्वतः करा. भिंतीवर चिकटवलेली यादी हमखास जुनी असते, तिच्यातली दोन माणसं नोकरी सोडून गेलेली असतात आणि स्टोअरचा नंबर अकाउंट्समध्ये वाजतो.

बाहेर फोन लावताना नवी माणसं शून्यावर अडतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबरच्या आधी शून्य लावावं लागतं. बोर्डवर बाहेरची लाइनही शून्यावर मिळत असेल तर दोन शून्यं होतात : पहिलं बोर्डसाठी, दुसरं मोबाइलसाठी. परगावच्या लँडलाइनचंही तसंच. लातूरहून नांदेडला लावायचा तर लाइनचं शून्य, मग ०२४६२, मग नंबर. 'नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू आलं की आधी शून्यं मोजा.

उचलल्यावर, बटण दाबण्याआधी

बहुतेक बोर्डांवर आतला आणि बाहेरचा फोन वेगवेगळ्या तालात वाजतो. दिवसभरात कान सरावतो. बाहेरचा असेल तर आधी ऑफिसचं नाव, मग नमस्कार. दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचला. पहिल्याच रिंगला उचललं तर समोरचा कधीकधी गडबडतो, आणि पाचवी वाजेपर्यंत त्याची चिडचिड सुरू झालेली असते.

कोणतंही बटण दाबण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात : नाव आणि गाव, काम काय, आणि फोन कटला तर परत लावायचा नंबर. गाव विचारताना तालुकाही विचारा. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी ही नावं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, आणि "पिंपळगावहून पाटलांचा फोन होता" या निरोपाचा साहेबांना काडीचाही उपयोग नसतो. नंबर लोक जोडीजोडीनं सांगतात, त्यातही अर्धा मराठीत अर्धा हिंदीत. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथे हमखास गोंधळ होतो. वाचून दाखवताना एकेक आकडा सुटा वाचा : पाच, नऊ, सहा, नऊ.

नंबर आधी घ्यायचा तो एवढ्यासाठी, की पुढच्या मिनिटाला तुम्ही तो फोन होल्डवर टाकणार आहात आणि तेवढ्यात समोरच्याची रेंज जाऊ शकते. शेताच्या बांधावरून बोलणाऱ्या माणसाला पुन्हा रेंज मिळेपर्यंत अर्धा तास जातो. त्यानं परत लावायची वाट बघायची की आपण लावायचा? नंबर असेल तर आपण लावायचा.

होल्ड

आधी होल्ड आणि म्यूट यांतला फरक. म्यूट केलं की तुमचा आवाज त्याला जात नाही, पण त्याचा तुम्हाला येत राहतो. होल्ड केलं की दोन्ही बाजू बंद. त्याला संगीत किंवा टूं-टूं ऐकू येतं आणि तुमची लाइन दुसरा नंबर लावायला मोकळी होते. खोकला आला, शेजाऱ्याला एक शब्द विचारायचा आहे, तर म्यूट. जागेवरून उठायचं आहे, फाइल शोधायची आहे, दुसऱ्याशी बोलायचं आहे, तर होल्ड.

रिसीव्हर टेबलावर ठेवणं आणि बोलायच्या बाजूवर तळहात दाबणं या दोन सवयी आजच सोडा. हातातून आवाज आरपार जातो. "अमुक आलाय, आहे म्हणून सांगू का?" आणि त्यावर साहेबांचं "नको, बाहेर गेलेत म्हण" हे पलीकडच्यानं शब्दन् शब्द ऐकलेलं असतं. तो माणूस मग बिल वेळेवर देत नाही, आणि वसुलीवाल्याला कारण कळत नाही.

कृती अशी.

अ‍ॅनालॉग फोनवर फ्लॅश एकदा दाबा. डायल टोन आला की समजा, समोरचा होल्डवर गेला. परत बोलायला बहुतेक ठिकाणी पुन्हा फ्लॅश दाबतात, काही बोर्डांवर त्यानंतर एखादा आकडा लागतो. रिसीव्हर ठेवायची खुंटी बोटानं टचकन दाबूनही हेच होतं, पण ती करामत टाळा. फ्लॅश म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा मोजून केलेला खंड. खुंटी त्याहून जास्त वेळ दाबली गेली की बोर्डला वाटतं, तुम्ही फोन ठेवला.

कीफोनवर होल्डचं बटण दाबा, त्या लाइनचा दिवा लुकलुकू लागतो. परत यायला तेच लुकलुकणारं बटण. इथे एक विचारून ठेवा : तुम्ही होल्डवर ठेवलेली लाइन दुसऱ्या कीफोनवरून कुणी उचलू शकतं का? काही बोर्डांवर साधा होल्ड सगळ्यांना उघडा असतो आणि फक्त स्वतःपुरता होल्ड वेगळा करावा लागतो.

आयपी फोनवर 'होल्ड', परतताना 'रिझ्यूम'. स्क्रीनवर दोन कॉल दिसत असतील तर बाणाच्या बटणानं हवा तो निवडा आणि मगच रिझ्यूम करा.

बटण दाबण्याआधी तोंडानं तीन गोष्टी सांगायच्या : कशासाठी, किती वेळ, आणि चालेल का. "काका, तुमच्या पावतीचा नंबर बघते, एक मिनिट लागेल. थांबता का, का मी लावू तुम्हाला?" आणि उत्तर येईपर्यंत बटणावर बोट ठेवायचं नाही. 'चालेल का' विचारून उत्तराआधीच होल्ड करणारे महाभाग पुष्कळ आहेत. त्यापेक्षा न विचारलेलं परवडलं.

मग साधारण पाऊण मिनिटाला एकदा परत जा, हातात काही आलेलं नसलं तरी. "अजून शोधतेय, आहात ना?" एवढं पुरे. दोनदा परत जाऊनही काम झालं नाही तर होल्ड संपवा आणि परत फोन करायची वेळ ठरवून घ्या. 'थोड्या वेळानं' म्हणू नका, 'चार वाजेपर्यंत' म्हणा. "तीन दिस झाले फोन लावू लालो, दर टायमाला थांबा म्हणतेत अन् गाणं लावून देतेत" असं सांगणाऱ्या माणसाची तक्रार गाण्याबद्दल नसते.

गाण्याचं निघालं म्हणून सांगते. होल्डवर संगीत ऐकवण्याचं पेटंट आल्फ्रेड लेव्ही या अमेरिकन कारखानदाराला १९६६ मध्ये मिळालं. असं सांगतात, की त्याच्या कारखान्यात फोनची एक सुटलेली तार लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचा कार्यक्रम होल्डवरच्या लोकांना ऐकू येऊ लागला. कल्पना चांगली होती. कारण फोनमध्ये शांतता पसरली की माणसाला वाटतं, कटला. तो ठेवून देतो. पण मोबाइलचं जाळं माणसाच्या बोलण्यासाठी आवाज आवळून पाठवतं. त्यात बासरी आणि तबला फाटतात, मधले सूर गळतात. तुमच्या बोर्डवरचं संगीत एकदा स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावून ऐका. कर्कश वाटलं तर बोर्डवाल्याला आवाज कमी करायला सांगा, किंवा संगीत काढून "आपला फोन चालू आहे, कृपया थांबा" एवढा मराठी निरोप टाकायला सांगा. इथल्या माणसाला तो जास्त कळतो.

बोर्डलाही होल्डचा कंटाळा येतो. ठरलेला वेळ गेला की होल्डवरचा फोन तुमच्याकडे परत वाजतो. तो नवा फोन समजून ऑफिसचं नाव सांगायला सुरुवात करू नका. आपण कुणाला थांबवलं होतं ते आठवा आणि "माफ करा, वेळ लागतोय" इथून बोला.

आणखी एक हिशेब नवख्यांच्या लक्षात येत नाही. साध्या लाइनवर एका वेळी एकच बोलणं मावतं. ऑफिसला दोनच लाइन असतील आणि दोन्हीकडे कुणीतरी होल्डवर असेल, तर तिसऱ्याला बाहेरून 'व्यस्त' ऐकू येतं, जरी तुमच्या ऑफिसात कुणीही बोलत नसलं तरी. सोयाबीनच्या आवकेच्या दिवसांत आडतीत हे रोज घडतं. पीआरआय ही डिजिटल लाइन असलेल्या मोठ्या ऑफिसात एका लाइनवर ३० बोलणी मावतात, तिथे ही चिंता कमी.

ट्रान्सफर : आधी विचारून आणि न विचारता

विचारून करायचा ट्रान्सफर असा. समोरच्याला सांगा, कुणाला देताय आणि का. फ्लॅश दाबा, डायल टोन आला की एक्स्टेन्शन लावा. पलीकडच्यानं उचलला की त्याला एका दमात सांगा : "सर, परळीहून ट्रान्सपोर्टचे शिंदे, कालच्या गाडीचं विचारतायत, गाडी अजून गेटवर आहे." त्यानं हो म्हटलं की रिसीव्हर ठेवा, फोन गेला. नाही म्हटलं, किंवा उचललाच नाही, तर परत फ्लॅश दाबून समोरच्याकडे या.

आयपी फोनवर 'ट्रान्सफर' दाबायचं, नंबर लावायचा, बोलायचं आणि पुन्हा 'ट्रान्सफर' दाबायचं. हे दुसरं दाबणं विसरू नका. रिसीव्हर ठेवला की फोन गेला ही अ‍ॅनालॉगची सवय पुष्कळ आयपी फोनवर चालत नाही.

न विचारता ट्रान्सफर, म्हणजे ब्लाइंड, यात पलीकडचा उचलायच्या आधीच तुम्ही बाजूला होता. घाईच्या वेळी हाच हात पटकन पुढे येतो. माझं मत : जिथे कुणीतरी नक्की उचलणार आहे, म्हणजे सर्व्हिसचा किंवा सेल्सचा तीन-चार फोन एकत्र वाजणारा ग्रुप, तिथे ब्लाइंड चालेल. एका माणसाच्या टेबलावर ब्लाइंड पाठवू नका. तो चहाला गेलेला असतो, फोन वाजून वाजून तुमच्याकडे परत येतो, आणि समोरच्याला आपलं गाऱ्हाणं पहिल्यापासून सांगावं लागतं. तीन टेबलं फिरून आलेला माणूस चौथ्यावर ओरडला तर त्याच्यावर राग धरू नये.

साहेबांच्या मोबाइलवर ट्रान्सफर करायची मागणी होतेच. साध्या लाइनवर यात दोन ट्रंक अडकतात, एक आलेली आणि एक गेलेली. शिवाय दोघांनी बोलून फोन ठेवला तरी काही बोर्डांना ते कळत नाही आणि दोन्ही लाइन तशाच अडकून राहतात. लाइन अर्धा तास 'व्यस्त' दिसतेय आणि ऑफिसात कुणी बोलत नाही, तर आधी हा संशय घ्या. त्यापेक्षा नंबर घेऊन साहेबांना कळवा, ते लावतील.

आणि बाहेरच्या कुणालाही बाहेरची लाइन देऊ नका. "मी टेलिफोन खात्यातून बोलतोय, लाइन तपासायचीय, अमुक आकडा दाबून मला ट्रान्सफर करा" असं सांगणाऱ्याला आकडा दाबून दिला तर तो तुमच्या बिलावर कुठेही फोन लावू शकतो. खरा लाइनमन असं काही मागत नाही.

पार्क आणि पिकअप

माणूस टेबलावर बसणारा नसेल तर ट्रान्सफरचा उपयोग नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात मेंटेनन्सचा माणूस दिवसभर शॉप फ्लोअरवर फिरतो, डाळ मिलमध्ये सुपरवायझर गोदामात असतो. अशा वेळी फोन पार्क करतात. पार्क म्हणजे बसस्टँडच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवून बिल्ला घेणं : बिल्ल्याचा नंबर ज्याला माहीत, तो कोणत्याही फोनवरून फोन सोडवतो. अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये फोन ७०० वर ट्रान्सफर केला की बोर्ड तुम्हाला ७०१ ते ७२० पैकी एक नंबर बोलून दाखवतो. तो पूर्ण ऐकल्याशिवाय रिसीव्हर ठेवू नका. मग स्पीकरवर पुकारा : "मेंटेनन्स, ७०१ वर फोन." त्यानं जवळच्या फोनवरून ७०१ लावला की झालं. मूळ सेटिंगमध्ये ४५ सेकंदांत कुणी सोडवला नाही तर फोन पार्क करणाऱ्याकडे परत येतो. मोठ्या आवारात तेवढ्यात माणूस फोनपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हा वेळ वाढवून घ्या.

पार्क केलेला फोन कुणाच्याच ताब्यात नसतो हे सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. पुकारलं, कुणी 'हो' म्हटलं नाही, तर तो फोन अजून तुमचीच जबाबदारी आहे.

पिकअप सोपा : शेजारचं टेबल रिकामं आहे, फोन वाजतोय, तर उठून न जाता आपल्या फोनवरून कोड दाबा. अ‍ॅस्टरिस्कवर मूळ कोड स्टार आठ. उचलल्यावर आधी सांगा की ज्यांचा फोन आहे ते जागेवर नाहीत.

दोन फोन एकदम

एकाशी बोलताना दुसरा वाजतो. पहिल्याला "एक सेकंद" म्हणून होल्ड करा, दुसऱ्याचं नाव-नंबर घ्या, त्याला परत फोन करायचं सांगा आणि पहिल्याकडे या. दुसऱ्याचं पूर्ण काम करत बसू नका. आधी आला तो आधी, साहेबांचा असला तरी. अपवाद एकच : आवारात कुणाला दुखापत, आग, गॅस. तेव्हा सगळं सोडून ११२ लावा. त्यासाठीही बाहेरच्या लाइनचा आकडा आधी दाबावा लागतो का, हे आजच विचारून ठेवा, त्या वेळी नको.

जाताना, आणि वीज गेल्यावर

फॉरवर्ड तीन तऱ्हेचा : सगळेच फोन, व्यस्त असताना, आणि उचलला नाही तर. जेवणाच्या सुट्टीला तिसरा लावा. पहिला लावून गेलात तर परत आल्यावर काढायचं विसरता आणि दुपारभर तुमचा फोन वाजत नाही. 'आज शांतता आहे' असं वाटलं की पहिली शंका फॉरवर्डची घ्या.

सुट्टीचा निरोप बोर्डवर वेगळा लावता येतो. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तुमचं ऑफिस बंद असेल तर आदल्या संध्याकाळी तो लावा. पुण्या-मुंबईचे लोक त्या दिवशी कामावर असतात आणि आपल्याकडे फोन का उचलत नाहीत हे त्यांना कळत नाही. अठराला सकाळी निरोप काढायचं काम कुणाचं, तेही त्याच वेळी ठरवा.

वीज गेली की आयपी फोनचा स्क्रीन काळा होतो, कारण त्याला वीज बहुधा नेटवर्कच्या तारेतूनच मिळते. यूपीएसवर बोर्ड आहे पण नेटवर्कचा स्विच नाही, असंही आढळतं. तपासून घ्या. पुष्कळ जुन्या अ‍ॅनालॉग बोर्डांत अशी सोय असते की वीज पूर्ण गेली तर एक ट्रंक थेट एका ठरावीक फोनवर येते. तो फोन कोणता हे शोधून त्यावर चिठ्ठी चिकटवा, आणि तिथे त्या वेळी बाहेरच्या लाइनचं शून्य लागत नाही हेही चिठ्ठीवर लिहा. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा तांब्याच्या तारेतून धक्का बोर्डपर्यंत येतो आणि आतलं सर्किटचं कार्ड जळतं. बोर्डवाला ट्रंकवर सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग सुचवेल. तो खर्च मे महिन्याआधी मंजूर करून घ्या, कारण जून उजाडला की त्याचे सगळे लोक जळालेले बोर्ड दुरुस्त करत फिरत असतात.

सरावासाठी पहिल्या आठवड्यात संध्याकाळी साडेपाचनंतर, फोन थंडावले की, स्वतःच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लावा. दुसऱ्या हातानं उचला, होल्ड करा, मोबाइल कानाला लावून ऐका. मग शेजारच्या टेबलावर ट्रान्सफर करा, अर्ध्यातून परत घ्या, पार्क करा, सोडवा. लिहून घेतलेला एखादा कोड चालला नाही तर तो तिथेच खोडून, चालणारा पेनानं लिहून ठेवा.